यंत्रांची इर्जिक

आपल्याकडे इर्जिक नावाची एक जुनी चाल आहे. पेरणी तोंडावर येते. एखाद्याचे रान नांगरायचे राहिलेले असते. त्याच्याजवळ बैल अपुरे, माणूसबळही थोडे. मग शेजारपाजारचे शेतकरी आपापली औते आणि बैल घेऊन त्याच्या रानात येतात. एका दिवसात काम उरकतात. ज्याचे रान, तो सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. मजुरी कोणी मागत नाही. उद्या दुसऱ्याची पाळी आली, की हाही आपले औत घेऊन त्याच्या रानात जातो.

आता पुष्कळ ठिकाणी बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली आहे. दारात मोटारसायकल उभी असते. कुणाकडे जीप, कुणाकडे भाजी वाहण्याची पिकअप. यंत्रे घरात आली, पण त्यांच्यासाठी इर्जिक काही निघाली नाही. गाडी बिघडली, की आपण एकटेच मिस्त्रीच्या दारात जाऊन उभे राहतो. तो सांगेल ते ऐकतो. तो मागेल ते देतो. गाडीत नेमके काय बिघडले होते, ते आपल्याला कळत नाही.

परदेशात मोटारीची हौस असलेल्या लोकांनी यंत्रांचीही इर्जिक चालवली आहे. ती कशी असते? तिथे काय करतात आणि काय करत नाहीत? आपल्याला तीतून काय घेता येईल? या पाठात आपण तेच पाहू.

ही चाल कुठली?

ही चाल मुख्यतः अमेरिकेतली. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या कारखान्याने १९०८ साली ‘मॉडेल टी’ नावाची मोटार विकायला काढली. १९२७ पर्यंत अशा दीड कोटी मोटारी तयार झाल्या. त्यांतल्या पुष्कळ शेतकऱ्यांनी घेतल्या. तिथला शेतकरी राहायचा शहरापासून लांब. जवळ मिस्त्री कुठला असणार? पण ती मोटार साधी होती. पाना आणि पक्कड घेऊन शेतकरी स्वतःच ती उघडू लागला, बघू लागला, शिकू लागला. घरची गाडी घरी नीट करायची, ही सवय पुष्कळांना लागली.

तिथे अनेक घरांना लागून गाडी ठेवायची खोली असते. तिला गॅरेज म्हणतात. आपण गॅरेज म्हटले की मिस्त्रीचे दुकान समजतो. तिकडे ते घराचाच एक भाग असते.

पुढे एकाच जातीची गाडी असलेल्या लोकांचे संघ निघाले. पोर्शे ही जर्मन गाडी बाळगणाऱ्यांचा अमेरिकेतला संघ १९५५ साली स्थापन झाला. असे आणखी कितीतरी संघ आहेत. सुटीच्या दिवशी संघातले लोक कुणा एकाच्या घरी जमतात. आपापल्या गाड्या आणि हत्यारे आणतात. दिवसभर गाड्यांची निगा करतात. या दिवसाला ते ‘टेक डे’ म्हणतात. आपण त्याला गाड्यांची इर्जिक म्हणू.

एकत्र का जमायचे?

कोणी म्हणेल, “अहो गुरुजी, ज्याची गाडी त्याने आपल्या दारात नीट करावी. त्याला चार माणसे कशाला?”

त्याची कारणे आहेत. पहिले कारण हत्यारांचे. काही हत्यारे महाग असतात आणि वर्षातून एकदाच लागतात. ती प्रत्येकाने कशाला घ्यायची? एकाकडे चांगला जॅक असतो, दुसऱ्याकडे हवा मोजण्याचे मीटर. नव्या गाड्यांत संगणक असतो. बिघाड झाला की तो आपल्याजवळ त्याची नोंद ठेवतो. अमेरिकेत १९९६ पासून विकल्या जाणाऱ्या मोटारींना ही सोय असावीच लागते. ती नोंद वाचणारे एक छोटे यंत्र मिळते. दहा गाड्यांत असे एक यंत्र असले तरी पुरते.

दुसरे कारण अनुभवाचे. एकाच जातीच्या दहा गाड्या असल्या, तर एकीत आज होणारा बिघाड दुसरीत गेल्या वर्षीच झालेला असतो. कोणता बोल्ट गंजून बसतो, कोणती नळी लवकर चिरते, हे ज्याने एकदा भोगले तो दुसऱ्याला सांगतो.

तिसरे कारण सर्वांत मोठे. जड यंत्राखाली एकट्या माणसाने काम करू नये. काही वाईट घडले, तर हाक ऐकायला जवळ कोणीतरी हवे.

दिवस कसा जातो?

तयारी आदल्या आठवड्यात होते. घरमालक प्रत्येकाला विचारतो, “तुम्ही काय काम काढणार? त्याचे सामान आणले का?” सामान हातात नसेल, तर ते काम काढायचे नाही. नाहीतर संध्याकाळी गाडी उघडी पडते आणि मालक पायी घरी जातो. शिवाय एक गाडी मुद्दाम न उघडता चालू ठेवतात. ऐनवेळी एखादा वायसर लागला, किंवा कोणाला दवाखान्यात न्यावे लागले, तर ती कामी येते.

सकाळी मंडळी जमतात. सपाट आणि टणक जागेवर गाड्या लावतात. घरमालक पाणी, उजेड, चहा आणि जेवण यांची सोय बघतो. बाकीचेही काही ना काही खायला आणतात.

तिथला एक नियम आम्हांला फार आवडतो. ज्याची गाडी, त्यानेच पाना धरायचा. जाणत्याने शेजारी उभे राहून सांगायचे. जाणत्याने सगळे काम भरभर उरकून दिले, तर मालक पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच तोंडाकडे बघणार. हात काळे झाल्याशिवाय विद्या येत नाही.

काढलेले नटबोल्ट मातीत ठेवत नाहीत. ज्या क्रमाने काढले, त्या क्रमाने ताटलीत मांडतात. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवतात. जोडताना फोटो बघून तसेच जोडतात.

ऑइल बदलणे

या दिवशी सर्वांत जास्त होणारे काम म्हणजे इंजिनाचे ऑइल बदलणे. ऑइल का बदलायचे, ते आधी समजून घेऊ.

इंजिनात लोखंडाचे भाग एकमेकांजवळून फार वेगाने फिरतात. मधे ऑइलचा पातळ थर असतो. तो नसेल तर भाग घासतील, तापतील आणि अडकून बसतील. ऑइल उष्णता वाहून नेते. आतली काजळी आणि लोखंडाचा कीस स्वतःत धरून ठेवते. वापरता वापरता ते मळते आणि त्याचा गुण कमी होतो. म्हणून ते ठरल्या वेळी बदलावे लागते.

इंजिन थोडा वेळ चालवून बंद करतात. कोमट झालेले ऑइल नीट वाहते. फार तापलेले ऑइल हाताला भाजते. मग तळातला बोल्ट काढून जुने ऑइल डब्यात घेतात. ऑइलचा फिल्टर बदलतात. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला नव्या ऑइलचे बोट लावतात, म्हणजे ते नीट बसते. तळातला बोल्ट परत लावतात. तो बेताने आवळायचा. जोर दाखवायला गेले की आटे जातात. आटे गेले की ऑइल गळते आणि पाच मिनिटांच्या कामाचे मोठे दुखणे होते.

शेवटी गाडीच्या पुस्तकात सांगितलेले ऑइल सांगितलेल्या मापाने भरतात. इंजिन थोडे चालवतात, बंद करतात, थांबतात. मग पट्टी बाहेर काढून पातळी बघतात. दोन खुणांच्या मधे ऑइल हवे. कमी नको, तसे जास्तही नको.

टायर बोलतो

टायर नीट बघितला तर तो पुष्कळ सांगतो. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी राहत होती. मधला पट्टाच झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. एकच बाजू झिजली असेल, तर चाकांची जुळणी बिघडली आहे. हवा नेहमी टायर गार असताना मोजावी. चालून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसतो आणि फसगत होते.

टायरच्या खाचांत जागोजाग छोटे उंचवटे असतात. मोटारीची नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे १.६ मिलिमीटरच उरली. मग तो टायर बदलायचा. गुळगुळीत टायर पावसात रस्ता सोडतो. कोरड्या दिवशी चालतो म्हणून तो चांगला, असे समजू नये.

ब्रेक: इथे घाई नको

ऑइल बदलायला उशीर झाला, तर इंजिनाचे नुकसान होते. ब्रेकमध्ये चूक झाली, तर माणसाचे. त्यातही आपलेच नव्हे, रस्त्यावरून चाललेल्या परक्या माणसाचे. म्हणून या दिवशी ब्रेकच्या कामाला सर्वांत जाणता माणूस लावतात.

मोटारीच्या ब्रेकचा जोर एका पातळ द्रवातून चाकापर्यंत पोचतो. हा द्रव हवेतला ओलावा शोषून घेतो. घाट उतरताना ब्रेक तापतात. त्या उष्णतेने ओलावा धरलेल्या द्रवात वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालचा ब्रेक नुसताच खाली जातो. म्हणून हा द्रवही मुदतीत बदलावा लागतो. तो बंद डब्यातलाच आणि पुस्तकात लिहिलेल्या जातीचाच हवा. त्याच्या जागी इंजिनाचे ऑइल कधीही घालू नये.

ब्रेकचे पॅड बदलल्यावर आणखी एक गोष्ट न विसरता करायची. गाडी हलवण्याआधी, ती जागेवर उभी असतानाच, ब्रेक पुन्हा पुन्हा दाबायचा. पहिल्यांदा पाय पार तळाला जातो. पाच-सहा वेळा दाबल्यावर ब्रेक घट्ट लागतो. तो घट्ट लागला नाही, तर गाडी जागची हलवायची नाही. हे न करता गाडी काढली, तर पहिल्याच वळणावर ब्रेक लागत नाही.

गाडीखाली जाण्याआधी

आता सांगतो ते प्रत्येकाने पाठ करावे.

जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. एक क्षणही नाही. जॅक घसरतो, जमीन दबते, तेल गळून जॅक खाली बसतो. गाडी पडायला निमिष पुरते. हा अपघात नवशिक्यांना होतो, तसा अनेक वर्षे काम केलेल्यांनाही होतो.

म्हणून आधी सपाट आणि कठीण जागा बघावी. हँडब्रेक ओढावा. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून आणि मागून दगड लावावेत. गाडी उचलल्यावर तिच्या खाली लोखंडी घोड्या लावाव्यात. विटा आणि लाकडाचे ओंडके लावू नयेत. वीट भाराने अचानक फुटते. घोड्या लावल्यावर गाडीला हाताने हलवून बघावे. ती डगमगली नाही, तरच खाली जावे.

बंद खोलीत इंजिन चालू ठेवू नये. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही.

तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये. आतले पाणी उसळून तोंडावर येते. बॅटरी काढताना उणे खुणेची तार आधी सोडावी आणि लावताना ती शेवटी लावावी. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून विडी-काडी अंगणाबाहेर. जिथे पेट्रोलचा वास आहे तिथेही तोच नियम. लहान मुलांना त्या दिवशी जवळ फिरकू देऊ नये.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक खास गोष्ट. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून साखळी कधीही पुसू नये. फडके ओढले जाते आणि त्याबरोबर बोटही दात्यांत जाते. इंजिन बंद करावे, चाक हाताने फिरवावे आणि साखळी पुसावी. वेळ जास्त लागतो, पण बोटे शाबूत राहतात.

जुने ऑइल कुठे टाकायचे?

काम संपले की डबाभर काळे ऑइल उरते. ते बांधावर, ओढ्यात किंवा उकिरड्यावर ओतू नये. ते जमिनीत मुरते आणि पुढे विहिरीत उतरते. थोडे ऑइल पुष्कळ पाणी नासवते. काही लोक ते लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासतात. तेही चांगले नाही. त्यात धातूंचे विषारी अंश असतात. ते हाताला लागतात, मुलांच्या आणि जनावरांच्या अंगाला लागतात. आपल्या देशाच्या कायद्यात वापरलेले ऑइल घातक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात भरून ते मोठ्या गॅरेजवर द्यावे. अशा ठिकाणांहून ते पुन्हा शुद्ध करण्यासाठी नेतात.

रेडिएटरमधले रंगीत पाणीही असेच सांभाळावे. ते चवीला गोड असते, पण विषारी असते. कुत्री ते चाटतात आणि मरतात.

कोणते काम आपले नव्हे?

सगळेच घरी करायचे, असा हट्ट तिकडचे हौशी लोकही धरत नाहीत. अपघाताच्या वेळी फुगणाऱ्या पिशव्या आता मोटारीत असतात. त्यांना हात लावायचा नाही. विजेवर चालणाऱ्या मोटारीत जाड नारिंगी तारा असतात. त्यांतल्या विजेने जीव जातो. गाडी हमीच्या मुदतीत असेल, तर कंपनीकडेच न्यावी.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून धुराचे नियम कडक झाले. तेव्हापासूनच्या गाड्यांत संगणक आणि नाजूक उपकरणे जास्त आहेत. त्यांची तारांची कामे जाणकारानेच करावीत.

आम्ही मिस्त्रीच्या विरुद्ध बोलतो आहोत, असे कोणी समजू नये. मिस्त्रीची विद्या मोठी आहे. पण जो गाडीवाला स्वतः टायरची हवा बघतो, ऑइलची पातळी बघतो, तो मिस्त्रीला नेमके दुखणे सांगू शकतो. “गाडी बरोबर चालत नाही” असे सांगणे वेगळे, आणि “उतारावर ब्रेक दाबला की डावीकडे ओढते” असे सांगणे वेगळे. दुसरे वाक्य ऐकून चांगल्या मिस्त्रीलाही आनंद होतो.

आपल्या गावात काय करता येईल?

आपल्याकडे घराला जोडून गॅरेज नसते, पण अंगण असते. खळे असते. सुगी संपल्यावर खळे मोकळेच असते. पावसाळ्याआधी एक दिवस ठरवावा. एका आळीतल्या दहा मोटारसायकली जमवाव्यात. पहिल्या वर्षी अवघड कामे काढूच नयेत. टायरची हवा, साखळीचा ताण, हवेच्या फिल्टरची धूळ, ऑइल, दिवे आणि ब्रेक यांचीच तपासणी करावी. आपले रस्ते धुळीचे. त्यामुळे हवेचा फिल्टर लवकर भरतो आणि गाडी पेट्रोल जास्त खाते. बिघडलेले ब्रेक आणि इतर मोठी दुखणी कागदावर लिहून मिस्त्रीकडे पाठवावीत.

याहून चांगला मार्ग म्हणजे मिस्त्रीलाच त्या दिवशी बोलवावे. त्याची दिवसाची मजुरी सगळ्यांनी वाटून द्यावी. पाना मालकांनी धरावा आणि मिस्त्रीने शिकवावे. बायकांनाही बोलवावे. पुष्कळ घरांत मुली आणि सुना स्कूटरवरून शाळेला, बाजाराला, कामाला जातात. ब्रेक आणि हवा बघायला त्यांनाही आले पाहिजे.

आणि आता वाचकांनो, तुमच्या खास कामाची गोष्ट. गाडीबरोबर एक पुस्तक मिळते. पुष्कळ घरांत ते कपाटात नुसते पडून असते. त्यात ऑइल कोणते, किती, किती किलोमीटरनंतर बदलायचे, टायरमध्ये हवा किती भरायची, सारे दिलेले असते. ते मराठीत नसले, तरी आकडे आणि चित्रे असतात. इर्जिकीच्या दिवशी एकाने पुस्तक वाचून दाखवावे, दुसऱ्याने काम करावे, तिसऱ्याने लक्ष ठेवावे. ज्याने नट आवळला, त्याचा नट दुसऱ्याने तपासावा. चाक काढून बसवले असेल, तर पहिल्या शंभर किलोमीटरच्या आत त्याचे नट पुन्हा एकदा बघावेत.

प्रत्येकाने एक वही घालावी. तारीख लिहावी. गाडी किती किलोमीटर चालली ते लिहावे. काय बदलले आणि पुढे कधी बदलायचे ते लिहावे. चार ओळींचे काम आहे. पण पुढच्या वर्षी स्मरणाने भांडण्यापेक्षा वही उघडून बघता येते. गाडी विकायची झाली, तर घेणाऱ्यापुढे ही वही ठेवता येते.

इर्जिकीने पैसे वाचतात, पण फार वाचतील असे सांगून आम्ही कोणाला भुलवत नाही. खरा लाभ निराळा आहे. उद्या तुमचा मुलगा मागे बायको-लेकराला बसवून घाट उतरेल. त्या वेळी गाडीचा ब्रेक लागेल, हे तुम्हांला ठाऊक असेल. कारण तो तुमच्या समोर तपासला गेला, दोघांनी बघितला आणि वहीत तुमच्या हाताने लिहिला गेला.

गाव करी ते राव न करी, असे आपले वाडवडील म्हणत. बैलांच्या काळात त्यांनी ते करून दाखवले. यंत्रांच्या काळात ते आपण करावे. या पावसाळ्याआधीचा एक दिवस आजच ठरवा आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.